सागरी शैवलांचे किण्वन

समुद्रात वाढणाऱ्या मोठ्या शैवलांतील कार्बोहायड्रेटांवर यीस्ट, सूक्ष्मजंतू इ. सूक्ष्मजीवांची क्रिया घडवून आणून त्यांपासून एथिल अल्कोहॉल, मिथेनयुक्त जैव वायू, ॲसिटिक व लॅक्टिक अम्ले, ॲसिटोन, ब्युटिल अल्कोहॉल यांसारखे पदार्थ मिळविण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा वापरतात. किण्वनासाठी आजवर मुख्यत्वे उसाची मळी, मका, तांदूळ, ज्वारी, बटाटा इ. कच्चा माल वापरला गेला आहे. हे सर्व पदार्थ शेतजमीन, गोडे पाणी व खते यांवर अवलंबून असून त्यांपैकी बरेचसे माणसाचे वा जनावरांचे अन्नही आहेत. सागरी शैवलांना यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. त्यामुळे हा कच्चा माल आदर्श वाटतो. तथापि त्यातील शर्करा नेहमीच्या किण्वक सूक्ष्मजीवांना सहज वापरता येत नाहीत आणि हीच या विषयातील मूळ अडचण आहे. [→ किण्वन, शैवले].

रासायनिक घटना : सागरी शैवलांच्या शरीरात (कायकात) मूळ, खोड व पान असा खरा भेद नसतो. पाण्याच्या आधारावर तरंगणाऱ्या या वनस्पतींना ताठ उभे राहण्यासाठी काष्ठाची गरज नसते आणि म्हणून त्यांत लिग्निन जवळजवळ नसते. भुसा, कापसाच्या पऱ्हाट्या किंवा उसाची चिपाडे यांपासून शर्करा मिळविताना लिग्निनाचे आवरण फोडण्यावर बराच खर्च होतो. शैवलांच्या बाबतीत तो वाचतो. ताज्या शैवलात ८० ते ९० टक्के पाणी असते. उरलेल्या शुष्क भागात सामान्यतः एक-तृतीयांश ते निम्म्याहून थोडी अधिक कार्बोहायड्रेटे असतात, तर राखेचे म्हणजे खनिज लवणांचे प्रमाण २० ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. जाती, ऋतू व ठिकाण यांनुसार ही प्रमाणे बरीच बदलतात.

रंगद्रव्यांवरून शैवलांचे हिरवी, तपकिरी व लाल असे तीन मोठे गट करतात आणि किण्वनाच्या दृष्टीनेही हे गट एकमेकांहून वेगळे आहेत. हिरव्या शैवलांत (उदा., अल्व्हा) स्टार्च व सेल्युलोज यांबरोबर अल्व्हान ही गंधकयुक्त बहुशर्करा असते. तिच्यात ऱ्हॅम्नोज, झायलोज व ग्लुकुरॉनिक अम्ल हे घटक असतात. तपकिरी शैवलांत (उदा., सारगॅसम, लॅमिनेरिया, मॅक्रोसिस्टिस) अल्जिनिक अम्लाची लवणे, लॅमिनॅरीन ही ग्लुकोजाची बहुशर्करा, मॅनिटॉल हे शर्करा-अल्कोहॉल आणि फ्यूकॉइडन आढळतात. लाल शैवलांत (उदा., ग्रॅसिलेरिया, जेलिडिएला, कॅप्पाफायकस) आगर किंवा कॅराजीनन मुख्य असून या दोहोंचा पाया गॅलॅक्टोज ही शर्करा आहे. गव्हात किंवा मक्यात जसे एकच स्टार्च प्रमुख असते, तशी स्थिती शैवलांत नाही. एकाच वनस्पतीत तीन-चार भिन्न प्रकारच्या शर्करा असतात व प्रत्येकीला वेगळी वागणूक द्यावी लागते.

या वैशिष्ट्याची साक्ष सूक्ष्मजीवविज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत मिळते. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत १८८१-८२ च्या सुमारास व्हाल्टर हेस व त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांच्या सूचनेवरून सूक्ष्मजंतूंच्या संवर्धनासाठी जिलेटिनाऐवजी आगर वापरण्यास सुरुवात झाली. जिलेटीन उन्हाळ्यात वितळे आणि अनेक सूक्ष्मजंतू त्याचे द्रवीकरण करीत; उलट बहुसंख्य सूक्ष्मजंतूंना आगर पचविता येत नाही, म्हणून त्याचा थर घट्ट राहतो. ज्या गुणामुळे आगर संवर्धनाच्या बशीत अमोल ठरले, तोच गुण किण्वनाच्या टाकीत अडसर ठरतो.

इतिहास : शैवलांचा औद्योगिक उपयोग प्रथम त्यांच्या राखेसाठी झाला. यूरोपच्या किनाऱ्यांवर शैवले जाळून सोडा व पोटॅश मिळवीत. या राखेवर काम करीत असतानाच १८११ मध्ये बेर्नार कूर्त्वा यांना आयोडीन या मूलद्रव्याचा शोध लागला. यात कार्बनी भाग मात्र सर्वस्वी जळून जाई.

शैवलांच्या किण्वनाचा पहिला मोठा कारखाना युद्धाच्या गरजेतून उभा राहिला. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट या स्फोटकाच्या निर्मितीसाठी ब्रिटनला ॲसिटोन मोठ्या प्रमाणावर हवे होते आणि लाकडाच्या ऊर्ध्वपातनाने मिळणारा पुरवठा अपुरा पडत होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हर्क्यूलीस पावडर कंपनीने १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ चूला व्हिस्टा येथे कारखाना काढला. समुद्रातून यंत्राने कापून आणलेले मॅक्रोसिस्टिस हे राक्षसी केल्प तेथे मोठमोठ्या टाक्यांत आंबवीत असत. नैसर्गिक सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने तयार होणारे ॲसिटिक अम्ल चुन्याच्या संयुगाने उदासीन करीत व त्यातून मिळालेले कॅल्शियम ॲसिटेट तापवून ॲसिटोन काढीत. त्याचबरोबर पोटॅशही मिळे. जर्मनीकडून येणारे पोटॅश युद्धामुळे बंद झाल्याने त्यालाही चांगली किंमत होती. युद्ध संपताच दोन्ही मालांचे भाव कोसळले व कारखाना बंद पडला. याच काळात खाइम वाइझमान यांनी क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम या सूक्ष्मजंतूच्या साहाय्याने स्टार्चयुक्त धान्यापासून ॲसिटोन बनविण्याची पद्धत शोधली होती. या धर्तीवर ॲसिटोन बनविण्यासाठी महाराष्ट्रात नाशिक येथेही कारखाना उभारण्यात आला होता. धान्य व शैवल यांच्यातील स्पर्धा अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाली आणि शांततेच्या काळात ती धान्याने व पुढे खनिज तेलाने जिंकली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाच्या टंचाईमुळे हा विषय पुन्हा पुढे आला. अमेरिकेत हॉवर्ड विल्कॉक्स यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून खोल समुद्रात केल्पाची शेती करून त्यापासून मिथेन मिळविण्याची योजना हाती घेण्यात आली. अवायुजीवी सूक्ष्मजंतूंनी केल्पाचे मिथेनात रूपांतर समाधानकारकपणे केले. परंतु भर समुद्रात चाचणीसाठी लावलेली केल्पे लाटा व वादळे यांपुढे टिकली नाहीत. जपानमध्ये योकोहामा येथे टोकिओ गॅस कंपनीने एकविसाव्या शतकाच्या आरंभी किनाऱ्यावर साचणाऱ्या लॅमिनेरिया व अल्व्हा यांचे रोज १ टन किण्वन करणारे प्रायोगिक संयंत्र चालविले. त्यात दर टन ताज्या शैवलापासून सु. २० घ. मी. मिथेन मिळाले.

प्रक्रिया : काढणीनंतर शैवल फार वेळ टिकत नाही. ते वाळवावे लागते किंवा हवाबंद दाबून ठेवावे लागते. दुसऱ्या रीतीत लॅक्टिक अम्लजनक सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने अम्लता वाढते व माल सडत नाही. शेतकरी हिरव्या चाऱ्याचा मुरघास करतात, त्याचाच हा सागरी प्रकार होय. त्यानंतर वाळू व मीठ धुऊन काढणे, बारीक तुकडे करणे, बहुशर्करांचे साध्या शर्करांत विघटन करणे, किण्वन आणि उत्पादनाचे शुद्धीकरण असे टप्पे येतात.

विघटनासाठी (जलीय विच्छेदनासाठी) विरल सल्फ्यूरिक अम्लाबरोबर उष्णता देणे ही जुनी पद्धत आहे. ती स्वस्त व जलद आहे. पण तापमान किंवा अम्लाचे प्रमाण थोडे वाढले, तरी शर्करांचेच विघटन होऊन हायड्रॉक्सिमिथिल फुरफुराल तयार होते. ते यीस्टला विषारी असते. आगर व कॅराजीनन यांतील एक घटक (३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोज) विशेष नाजूक असल्याने लाल शैवलांत हा धोका अधिक असतो. दुसरी पद्धत एंझाइमांची होय. सेल्युलोजाचे विघटन करणारी एंझाइमे बाजारात मिळतात. आगर, अल्जिनेट व अल्व्हान फोडणारी एंझाइमे मात्र मुख्यतः समुद्रातील सूक्ष्मजंतूंकडे असतात. जपानी लोकांच्या आतड्यातील काही सूक्ष्मजंतूंत लाल शैवलातील पॉर्फिरान फोडणाऱ्या एंझाइमांची जनुके आढळल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नोरी हे शैवल पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्याने सागरी सूक्ष्मजंतूंकडून ही जनुके तेथे आली असावीत, असा निष्कर्ष काढण्यात आला. आवश्यक क्षमता निसर्गात आहे, फक्त ती किण्वनाच्या कारखान्यातील यीस्टकडे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

साध्या शर्करा मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. नेहमीचे यीस्ट (सॅकॅरोमायसीझ सेरेव्हिसी) ग्लुकोज झपाट्याने वापरते, गॅलॅक्टोज सावकाश वापरते आणि ग्लुकोज उपलब्ध असेपर्यंत गॅलॅक्टोजाकडे बहुधा वळत नाही. मॅनिटॉलाची अडचण वेगळी आहे. ग्लुकोजाच्या तुलनेत त्यात हायड्रोजन अधिक असतो. त्याचे विघटन होताना कोशिकेत जादा हायड्रोजन साचतो व तो काढून टाकण्यास ऑक्सिजन लागतो. अल्कोहॉल किण्वन मात्र ऑक्सिजनाच्या अभावीच चांगले चालते. उलट अल्जिनेटातून मिळणारे घटक अधिक ऑक्सिडीभूत असल्याने त्यांना हायड्रोजन हवा असतो. एकाचा जादा हायड्रोजन दुसऱ्याच्या कामी आला, तर दोन्ही शर्करा एकाच टाकीत, ऑक्सिजनाशिवाय वापरल्या जाऊ शकतात. तपकिरी शैवलात ही दोन्ही द्रव्ये शेजारी शेजारीच असतात. या तत्त्वाचा उपयोग जननिक अभियांत्रिकीने करण्यात आला आहे. २०१२ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी व्हिब्रिओ या सागरी सूक्ष्मजंतूतील जनुके एश्चेरिकिया कोलायमध्ये घालून तो सूक्ष्मजंतू अल्जिनेटावर थेट वाढविला आणि तपकिरी शैवलापासून आकारमानाने सु. ४·७ टक्के तीव्रतेचे एथिल अल्कोहॉल मिळविले. २०१४ मध्ये यीस्टमध्येही मॅनिटॉल व अल्जिनेटाचे घटक एकत्र वापरण्याची क्षमता आणल्याचे प्रसिद्ध झाले. हे यश प्रयोगशाळेतील आहे. त्यावर आधारलेले अल्कोहॉल बाजारातील मळीच्या अल्कोहॉलाची जागा घेऊ शकलेले नाही.

जैव वायूच्या निर्मितीत सूक्ष्मजंतूंचा संमिश्र समुदाय काम करीत असल्याने शर्करांच्या विविधतेचा त्रास कमी होतो. तेथे इतर अडचणी येतात. शैवलांतील सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड हा दुर्गंधी, विषारी व धातूला झिजविणारा वायू तयार होतो. अल्व्हासारख्या नायट्रोजनयुक्त शैवलापासून अमोनिया साचतो व मिथेनजनक सूक्ष्मजंतू मंदावतात. यासाठी शैवल एकटे न वापरता ते कार्बन अधिक असलेल्या काडीकचऱ्याबरोबर मिसळून वापरतात.

उत्पादनाचा हिशोब : ग्लुकोजाच्या १८० ग्रॅमपासून तात्त्विक दृष्ट्या ९२ ग्रॅम एथिल अल्कोहॉल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो, म्हणजे शर्करेच्या वजनाच्या सु. ५१ टक्के अल्कोहॉल मिळते. ताज्या शैवलाच्या १ टनात शुष्क द्रव्य सु. १२० किग्रॅ. व त्यात कार्बोहायड्रेटे सु. ६० किग्रॅ. धरली, तर कमाल ३० किग्रॅ. अल्कोहॉल निघेल. विघटन व किण्वन यांतील घट लक्षात घेता प्रत्यक्षात २० किग्रॅ. म्हणजे सु. २५ लि. मिळाले, तरी ते चांगले मानावे लागेल. याउलट १ टन मळीपासून दोनशे लिटरांहून अधिक व १ टन मक्यापासून साडेतीनशे लिटरांहून अधिक अल्कोहॉल मिळते. ताज्या शैवलाबरोबर मुख्यतः पाण्याचीच वाहतूक होते. म्हणून कारखाना किनाऱ्याला लागूनच असावा लागतो आणि केवळ अल्कोहॉलासाठी शैवल वापरणे परवडत नाही. जगात २०२० मध्ये सु. ३·५ कोटी टन (ओले वजन) सागरी शैवल शेतीतून मिळाले. त्यातील बहुतेक सर्व आशियातून आले आणि ते मुख्यत्वे खाद्य, आगर, अल्जिनेट व कॅराजीनन यांसाठी खर्ची पडले. या द्रव्यांना मिळणारी किंमत इंधनाच्या किंमतीपेक्षा पुष्कळच जास्त असते.

यावरील व्यवहार्य तोडगा म्हणजे प्रथम मोलाचे द्रव्य काढून घ्यावयाचे व उरलेल्या चोथ्याचे किण्वन करावयाचे. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ग्रॅसिलेरियातून आगर काढल्यावर राहिलेल्या चोथ्यातील सेल्युलोजाचे एंझाइमांनी विघटन करून त्याचे किण्वन केले. त्यांना शर्करेच्या दर ग्रॅममागे ०·४३ ग्रॅम एथिल अल्कोहॉल मिळाले. तात्त्विक कमाल मर्यादेच्या (०·५१) हे प्रमाण बरेच जवळ आहे. हा चोथा एरवी टाकाऊच असतो.

भारत व महाराष्ट्र : भारतात सागरी शैवलांविषयीचे संशोधन मुख्यतः भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेत (स्थापना १९५४) आणि गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९६६) झाले आहे. भावनगरच्या संस्थेने तमिळनाडूच्या मंडपम परिसरात कॅप्पाफायकस या लाल शैवलाची बांबूच्या तराफ्यांवरील शेती रूढ केली. हे पीक सु. ४५ दिवसांत काढणीस येते. या संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये याच शैवलापासून एथिल अल्कोहॉल मिळविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ताजे शैवल चिरडून प्रथम पोटॅशयुक्त रस वेगळा करावयाचा, त्याचा द्रवरूप पीकपोषक म्हणून उपयोग करावयाचा आणि घन भागापासून कॅराजीनन किंवा अल्कोहॉल काढावयाचे, अशी तिची दिशा आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इ. ठिकाणी खडकाळ भागात सारगॅसम, पॅडिना, अल्व्हा, कॉलर्पा, ग्रॅसिलेरिया, हिप्निया इ. शैवले आढळतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. जी. उंटवाले, व्ही. के. धारगळकर आदींनी १९७० नंतरच्या काळात या किनाऱ्यावरील शैवलांची पाहणी केली. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात खवळलेला समुद्र व नद्यांतून येणारे गढूळ गोडे पाणी यांमुळे येथील शैवलांची वाढ खुंटते. पावसाळा सरल्यावर ती पुन्हा जोमाने वाढतात व साधारणतः हिवाळ्यात विपुल होतात. वर्षातील काही महिनेच मिळणारा माल बारमाही कारखान्यास पुरत नाही, ही कोकणापुढील खरी मर्यादा आहे. नैसर्गिक शैवले खरवडून नेल्यास त्यांच्या आश्रयाने वाढणारी मासळी व कालवे यांवरही परिणाम होतो. म्हणून शेतीवरच भर देणे आवश्यक ठरते. केंद्र शासनाच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शैवल शेतीस साहाय्याची तरतूद करण्यात आली. मात्र परकी जातींची लागवड जपून करावी लागते. मन्नारच्या आखातातील कुरुसडाई बेटाजवळ कॅप्पाफायकस प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदले गेले आहे.

पर्जन्याश्रित शेतीशी संबंध : शैवलांचे किण्वन हा केवळ किनाऱ्याचा विषय नाही, हे वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणावरून दिसून येते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा वऱ्हाडातील जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील शेती बहुतांशी पावसावर अवलंबून असून सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक आहे. त्याच्या जोडीला तूर व रब्बीत हरभरा ही पिके घेतात. येथील शेतकऱ्याच्या सोयाबीनला मिळणारा भाव तेलाइतकाच पेंडीच्या मागणीवर ठरतो. मक्यापासून अल्कोहॉल काढल्यावर प्रथिनयुक्त चोथा उरतो व तो पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो. देशात मक्याच्या अल्कोहॉलाचे उत्पादन वाढू लागल्यावर हा चोथा सोयाबीनच्या पेंडीशी स्पर्धा करू लागला. किण्वनाच्या टाकीत कोणता कच्चा माल घातला जातो, यावर दूरच्या कोरडवाहू जिल्ह्यातील पिकाचा भाव काही अंशी अवलंबून राहतो, तो असा. शैवल धान्याची जागा जितक्या प्रमाणात घेईल, तितक्या प्रमाणात ही स्पर्धा सौम्य होईल. परंतु वर दिलेला हिशोब पाहता ते प्रमाण नजीकच्या काळात लहानच राहील.

दुसरा संबंध अधिक प्रत्यक्ष आहे. किण्वनापूर्वी वेगळ्या केलेल्या कॅप्पाफायकसाच्या रसाची फवारणी पर्जन्याश्रित सोयाबीनवर करून पाहिल्याचे निष्कर्ष भावनगरच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. १५ टक्के तीव्रतेच्या फवारणीने धान्याचे उत्पादन फवारणी न केलेल्या पिकापेक्षा ५७ टक्क्यांनी अधिक आले. ही वाढ मर्यादित क्षेत्रावरील प्रयोगातील असून काळ्या जमिनीत, अनियमित पावसात ती तशीच मिळेल असे गृहीत धरता येत नाही. शैवलरस खतांची किंवा पाण्याची जागा घेत नाही. त्यातील पोटॅश, सूक्ष्म पोषकद्रव्ये व वृद्धिप्रेरक द्रव्ये पिकाला पूरक ठरतात. बाजारात शैवलयुक्त द्रव्ये विविध नावांनी विकली जात असल्याने त्यांच्या गुणवत्तेची खात्री हा शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे. २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात जैव उत्तेजकांचा समावेश करून शैवल अर्क नियमनाखाली आणण्यात आले.

मर्यादा व भवितव्य : समुद्राच्या पाण्यात सु. ३·५ टक्के लवणे असतात. शैवल धुतले नाही तर ही लवणे यीस्टची क्रिया मंद करतात आणि धुतले तर गोडे पाणी खर्च होऊन शैवलाचा मोठा फायदाच कमी होतो. लवण सहन करणाऱ्या सागरी यीस्टांचा व सूक्ष्मजंतूंचा शोध त्यामुळे महत्त्वाचा आहे. तपकिरी शैवलांतील फिनॉलयुक्त द्रव्येही किण्वनास अपायकारक असतात. किण्वनानंतर उरणाऱ्या द्रवात पोटॅश असते व तो खत म्हणून उपयोगी पडू शकतो, परंतु त्यातील सोडियमाचे प्रमाण तपासल्याशिवाय तो शेतास देणे हितावह नाही.

शैवल हे स्वस्त इंधनाचे अक्षय भांडार आहे, ही समजूत चूला व्हिस्टाच्या कारखान्यापासून आजवरच्या अनुभवाने खरी ठरलेली नाही. रस, आगर किंवा कॅराजीनन, प्रथिने, किण्वनजन्य पदार्थ व शेवटी खत अशी सर्व अंगांनी उपयोगात येणारी मालिका उभी राहिली, तरच किण्वनाचा टप्पा परवडतो. या मालिकेचे पहिले टोक कोकणातील किंवा मंडपमच्या मच्छीमाराच्या तराफ्यावर असेल, तर दुसरे टोक वाशिमसारख्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतावर असू शकते. मधला दुवा म्हणजे सागरी शर्करा पचविणारा सूक्ष्मजीव होय आणि या क्षेत्रातील संशोधन मुख्यतः त्याच्यावरच केंद्रित झाले आहे.